समोरून येणारा डबा

आई आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे चारला उठून बसली. झोपेचं घड्याळ अजून कराडलाच होतं. चहाला आधण ठेवता ठेवता तिने विचारलं, "तू कामाला जातेस कशी गं?"

"डोंगर उतरून."

"रोज?"

"रोज. आणि संध्याकाळी चढून."

तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. डोंगर म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर आगाशिव येतो, श्रावणी सोमवार येतो, चढताना मध्येच दगडावर टेकून घेतलेला दम येतो. तसा डोंगर मुलगी रोज पर्स आणि डबा सांभाळत चढते म्हणजे हिचं इथे काहीतरी बिनसलंय, असा तिचा चेहरा झाला. मग मी सांगितलं की पायांनी नाही गं, गाडीने. गाडी रुळांवरून जाते. रूळ सरळ डोंगराच्या अंगावर टाकलेत, शिडी टेकवून ठेवावी तसे.

"म्हणजे सप्तशृंगीला झालीय तसली ट्रॉली?"

"तसलीच. फक्त देवी नाही वर. आपलं घर आहे."

इथे, पिट्सबर्गमध्ये, त्या गाडीला इनक्लाइन म्हणतात. पुस्तकी शब्द फ्युनिक्युलर. लॅटिनमधल्या 'फ्युनिक्युलस'वरून आलेला, म्हणजे दोरी, आणि तीही बारीकशी. एवढ्या लोखंडी कारभाराला सुतळीचं नाव ठेवणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. गावात एकेकाळी अशा डझनभराहून जास्त इनक्लाइन होत्या. आता दोन उरल्यात. दोन्ही एकाच डोंगराला, एकमेकींपासून साधारण दीड-पावणेदोन किलोमीटरवर. माझी मोनोंगहेला इनक्लाइन, नदीच्या नावाची. नदीला इथले लोक नुसतं 'मॉन' म्हणतात, त्यामुळे गाडीही मॉन इनक्लाइन. ती सुरू झाली २८ मे १८७० रोजी. दुसरी ड्युकेन, १८७७ची. म्हणजे माझी थोरली.

या गावाची जमीन कशी आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. उत्तरेकडून ॲलेघेनी येते, दक्षिणेकडून मॉन, आणि दोघी टोकाला मिळून ओहायो होतात. आईला हे समजावायला मला अर्धं मिनिट लागलं, कारण कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर तिचं आयुष्य गेलंय. फरक इतकाच की तिथे दोघी समोरासमोर येऊन भिडतात आणि कृष्णा काटकोनात वळून आपलं नाव पुढे नेते. इथे दोघी आपापली नावं टोकावर टाकून देतात. शिवाय जमिनीखालून आणखी एक पाण्याचा साठा वाहतो, हिमयुगातल्या वाळू-खडीतून. लोक त्याला 'चौथी नदी' म्हणतात आणि संगमावरच्या मोठ्या कारंज्याला पाणी तिथून येतं. "म्हणजे सरस्वतीपण आहे," आई म्हणाली आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

नद्यांकाठची सपाट जमीन अगदी चिंचोळी. एकोणिसाव्या शतकात ती काचेच्या भट्ट्यांनी, लोखंडाच्या गिरण्यांनी आणि रेल्वेच्या यार्डांनी गिळून टाकली. कामगारांनी राहायचं कुठे? वर. मॉनच्या दक्षिण काठाला भिंतीसारखा जो डोंगर उभा आहे त्याला आज माउंट वॉशिंग्टन असं भारदस्त नाव आहे. तेव्हाचं नाव कोल हिल, कारण त्याच्या पोटातून दगडी कोळसा निघायचा. लोक डोंगराच्या माथ्यावर राहायचे, पायथ्याशी राबायचे, आणि मधली चढण पायवाटांनी, लाकडी जिन्यांनी पार करायचे. बारा तास भट्टीपुढे उभं राहिल्यावर पस्तीस मजले चढून घरी जायचं. मी एकदा, शेवटची गाडी चुकली म्हणून, मध्यरात्रीनंतर पायीच वर आले होते. चूक माझीच, एका मैत्रिणीकडे गप्पांत बसले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड झाल्या होत्या. मी तर दिवसभर खुर्चीत बसून आले होते.

वर राहणाऱ्यांत जर्मन बरेच होते. त्यांना आपल्या मुलखातल्या दोरावर चालणाऱ्या गाड्या आठवल्या, आणि तशी इथे का नको, असं निघालं. जॉन एन्ड्रेस नावाच्या अभियंत्याने मॉन इनक्लाइन बांधली. कामात त्याची मुलगी कॅरोलिन हाताशी होती. नुसती सोबत म्हणून नव्हे, अभियंता म्हणून, आणि तेही १८७०मध्ये. त्याच कामावर सॅम्युएल डीशर नावाचा हंगेरियन तरुण होता. पुढे त्याने कॅरोलिनशी लग्न केलं आणि ड्युकेनसह इतरही कितीतरी इनक्लाइन उभ्या केल्या. हे ऐकून आईने पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग तिने पुढे काय केलं?" मला सांगता आलं नाही. नवऱ्याच्या कामांची यादी इथल्या पुस्तकांत सापडते.

आता गाडीविषयी. मॉनचा डबा म्हणजे खरं तर तीन पायऱ्या. तीन लहान खोल्या, एकीपेक्षा दुसरी वर, जिन्यासारख्या रचलेल्या. त्यामुळे रूळ तिरके असले तरी तुम्ही सपाट जमिनीवर सरळ बसता. ड्युकेनचा डबा वेगळा, तिथे एकच सलग खोली, खाली तिकोनी लोखंडी पाट लावून समतल केलेली, आत जुनं लाकडी काम. मॉनची रूळवाट ६३५ फूट लांब, चढ ३६९ फुटांचा, कोन ३५ अंशांचा. वेग ताशी सहा मैल, म्हणजे सायकलवरचं पोरगंसुद्धा पुढे निघून जाईल. डब्यात चालक नसतो. तो वरच्या स्टेशनात बसतो आणि तिथून दोन्ही डबे हाकतो. नवखे लोक हे कळल्यावर बाकाची कड धरतात.

दोन्ही डबे, हे महत्त्वाचं. एक वर असतो तेव्हा दुसरा खाली. एक सुटला की दुसरा सुटतो, एक थांबला की दुसरा थांबतो. वरच्या यंत्रघरातल्या मोठ्या चाकाभोवती दोर असा गुंतवलेला असतो की एका बाजूचा सुटतो तेवढा दुसऱ्या बाजूचा गुंडाळला जातो. डब्यांची वजनं एकमेकांना तोलतात. यंत्राला ओढायचा असतो तो फक्त दोन्हीकडच्या माणसांच्या वजनातला फरक, आणि वर घर्षण. पूर्वी हे काम वाफेवर चालायचं, १९३५पासून विजेवर चालतं.

हे सगळं मी आईला तिच्या पहिल्या सफरीच्या वेळी, वरच्या स्टेशनावर उभं राहून, हातवारे करून सांगत होते. ऑक्टोबर होता. डोंगराच्या अंगावरची झाडं तांबडी-पिवळी झाली होती आणि कठड्याशी पर्यटकांची फोटोंसाठी गर्दी होती. आईचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती रुळांकडे वाकून बघत होती. खालून येणारा डबा मोठा होत होत आमच्या पायाशी आला, थांबला, दारं उघडली, माणसं उतरली.

"रहाट आहे हा," ती म्हणाली.

तिच्या माहेरी वाड्यामागच्या आडाला रहाट होता. एकाच सोलाच्या दोन टोकांना दोन कळश्या. भरलेली वर ओढायला लागलं की रिकामी खाली जायची, आणि तिच्या वजनाचा तेवढाच आधार व्हायचा. सात-आठ वर्षांची असताना तिला पाणी ओढायला लावायचे ते त्या रहाटावरच, कारण साध्या कप्पीवर तिच्याच्याने ओढलं गेलं नसतं. मी १८७०, ३५ अंश, घर्षण वगैरे सांगत बसले होते. तिने आड काढला आणि मला गप्प केलं.

मग डब्यात बसल्यावर तिने विचारलं, "सोल किती?"

"दोन. एक ओढायचा आणि एक जपायचा. पहिल्याला काही झालं तर दुसऱ्याने धरायचं."

"आमच्या आडाला एकच होता," ती म्हणाली. "तुटायचा की. मग गळ टाकून कळशी काढायची. कधी कधी कळशी न सापडता दुसऱ्याच कुणाची वर्षापूर्वी पडलेली निघायची."

मी हसले, पण पोटात काहीतरी हललं. महिनाभरापूर्वी, ३ सप्टेंबर २०२५ला, लिस्बनमधल्या ग्लोरिया फ्युनिक्युलरचा अपघात झाला होता. ती १८८५ची, पिवळी, पोर्तुगालच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असते तीच. दोन्ही डब्यांना जोडणारा दोर एका बाजूने सुटला, वरचा डबा उतारावरून धावत सुटला आणि वळणावरच्या इमारतीवर आदळला. १६ माणसं गेली. त्यांत पर्यटक होते आणि रोजचं ये-जा करणारेही. ती बातमी आल्यावर आठवडाभर आमच्या डब्यात एक विचित्र शांतता असायची. कुणी काही बोललं नाही, पण एरवी फोनमध्ये मान घालून बसणारे लोक सुटताना एकदा वर बघायचे, दोर जिथे यंत्रघरात शिरतो तिकडे. मीही बघायचे. मग थांबले. ते आपोआप थांबतं, त्यात शौर्य काही नाही. साडेसातच्या मीटिंगला पोचायचं असतं.

दोराचीही इथे एक गंमत आहे. अमेरिकेत लोखंडी तारांचा पीळदार दोर वळायला सुरुवात झाली तीच या गावाच्या उशाला, सॅक्सनबर्ग नावाच्या खेड्यात, १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला. वळणारा जॉन रोब्लिंग. पुढे ब्रुकलिन पुलाच्या आराखड्यामुळे त्याचं नाव झालं. त्याआधी जवळच्याच ॲलेघेनी पर्वतावर कालव्यातल्या नावा रुळांवर चढवून पलीकडे उतरवण्याचा एक अचाट उद्योग चालायचा. तिथले वाखाचे जाडजूड दोर वारंवार तुटायचे. रोब्लिंगचा तारदोर पहिल्यांदा कामी आला तो तिथे. म्हणजे इनक्लाइन इथे झाल्या त्याला डोंगर जसे कारण तसा दोरही.

त्या बंद का पडल्या, याला मात्र फार शोधायला नको. रस्ते झाले. १९२४ला डोंगराच्या पोटातून लिबर्टीचे जुळे बोगदे निघाले, मग डोंगराच्या अंगावरून तिरका मोटाररस्ता आला, लोकांनी गाड्या घेतल्या. आमच्याच डोंगरावरची कॅसल शॅनन इनक्लाइन १९६४पर्यंत तग धरून होती, मग तीही गेली. ड्युकेन तर १९६२मध्ये बंदच झाली होती. मोठी दुरुस्ती निघाली, उतारू कमी, मालकांनी हात वर केले. तेव्हा वरच्या वस्तीतले लोक पुढे आले. केक-बिस्किटं करून विकली, पत्त्यांचे डाव लावले, आठवण म्हणून तिकिटं विकली, आणि सुमारे १५ हजार डॉलर जमवून १ जुलै १९६३ला गाडी पुन्हा सुरू केली. अजून ती त्यांचीच संस्था चालवते. शनिवारी मी आईला तिकडे नेलं. वरच्या स्टेशनात खाली उतरून यंत्र बघता येतं. भलंमोठं दातेरी चाक, आणि त्याचे दात लाकडी! झिजला तर तेवढाच दात काढायचा, नवा ठोकायचा. आई बराच वेळ त्याच्यापुढे उभी राहिली. जात्याचा खुंटा बघावा तसं तिने ते बघितलं. वर येऊन भिंतीवरचे जुने फोटो मात्र तिने पटापट उरकले. धुराने काळं झालेलं गाव, चाळीसच्या दशकात भरदुपारी लावलेले रस्त्यावरचे दिवे. "आपल्याकडे कारखाना आला म्हणून पेढे वाटायचे," एवढंच म्हणाली.

हा डोंगर आज बघायला लोक जगभरातून येतात. रस्त्याचं नावच ग्रँडव्ह्यू ॲव्हेन्यू. तीन नद्या, पिवळे पूल, टोकावरचं कारंजं, उंच इमारती, सगळं एका नजरेत. ते सुंदर आहे हे मलाही मान्य आहे. पहिल्या हिवाळ्यात मी रोज बघायचे. आता बघत नाही. डब्यात शिरल्या शिरल्या कळतं, कोण रोजचं आणि कोण पाहुणं. पाहुणे सगळ्यात खालच्या खोलीत काचेला नाक लावून. रोजचे जिथून दार जवळ पडतं तिथे. बसचं कार्डच इथे चालतं, त्यामुळे आमच्या लेखी ही बसच, फक्त उभी. खाली उतरलं की कार्सन स्ट्रीट ओलांडायचा, स्मिथफील्ड पुलावरून चालत मॉन ओलांडायची, की ऑफिस. थंडीत काचा आतून धुरकटतात, ओल्या लोकरीचा वास येतो, कुणीतरी कॉफी सांडतं. मधल्या टप्प्यात रुळांच्या खालून आडवी मालगाडी जाते, तिचे डबे मोजायची मला सवय लागलीय. कधीच पूर्ण मोजून होत नाहीत. गावरान पिट्सबर्गी बोलणारे म्हातारे वाक्याच्या शेवटी 'नॅट' लावतात, 'अँड दॅट'चं झिजून उरलेलं. आपलं 'वगैरे' समजा. "गुडघे दुखतात नॅट. थंडी पडली नॅट."

पण एक गोष्ट मी रोज बघते आणि ती दृश्यात मोडत नाही.

एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे असले की ते एकमेकांना पार करतात ते बरोबर मधोमध. दुसरीकडे कुठे जमणारच नाही. अर्धं-पाऊण मिनिट झालं की समोरून खालचा डबा वर येताना दिसतो, मोठा होतो, हाताच्या अंतरावरून जातो. एका श्वासाचा प्रसंग. सकाळी मी खाली जाते तेव्हा वर येणारा डबा जवळजवळ रिकामा असतो, कारण त्या वेळी डोंगरावर जायचं कुणाला? रात्रपाळी संपवून येणाऱ्यांना. त्यांत एक बाई असते. निळे कपडे, इस्पितळात घालतात तसे, वरून जाडा कोट, मांडीवर जेवणाची पिशवी. डोकं काचेला टेकलेलं. आठवड्यातून तीन-चारदा तरी ती समोरच्या डब्यात असते. सहा वर्षं होत आली. ती माझ्याच वस्तीत कुठेतरी राहत असणार, पण दुकानात, रस्त्यात, बसथांब्यावर मी तिला कधी पाहिलेली नाही. किंवा पाहिली असेल आणि ओळखली नसेल. माझ्याकडे तिची फक्त उजवी बाजू आहे.

तिला मी कधी हात केला नाही. तिनेही नाही. इथे लोक अनोळखी माणसाशी हवापाण्याचं तासभर बोलतात, पण त्या एका क्षणात दोघींनी काय करायचं याची काही रीत नाही. मान हलवेपर्यंत डबा गेलेला असतो.

आईला या बाईबद्दल मी आधी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या सफरीला आम्ही पर्यटकांच्या वेळेला गेलो होतो. पण परतीच्या आदल्या सोमवारी ती म्हणाली, मला तुझ्या वेळेला यायचंय, तू रोज जातेस तसं. खालपर्यंत येईन, आणि तशीच परत जाईन. सातला निघालो. अंधार पुरता सरला नव्हता, नदीवर धुकं. डब्यात पाच-सहा जण. आई माझ्या शेजारी, शालीची घडी मांडीवर.

सुटल्यावर तिने विचारलं, "खालच्या डब्यात कुणी नसलं तर गं? मग तो रिकामाच येतो वर?"

"येतो ना. त्याला यावंच लागतं. तो आल्याशिवाय आपण जाणार कसे?"

"आणि तू एकटीच असलीस रात्री, तरी?"

"तरी."

तिने यावर थोडा विचार केला. तेवढ्यात समोरचा डबा आला. निळे कपडे, पिशवी, काचेला टेकलेलं डोकं. मी नेहमीसारखी बघत होते. आईने हात वर केला. एसटी सुटताना करतात तसा, पूर्ण हात, बोटं पसरून. काचेतून.

समोरच्या बाईचं डोकं काचेवरून उठलं. तिचा हातही उठला, अर्धा, पिशवीसकट. पहिल्यांदाच मला तिचा पूर्ण चेहरा दिसला. माझ्यापेक्षा बरीच मोठी निघाली, आईच्या आसपासची. मग डबा गेला.

"ओळखीची आहे?" आईने विचारलं.

"नाही."

"मग तुझ्याकडे का बघत होती?"

बुधवारी मी आईला विमानतळावर सोडलं. गुरुवारी सकाळी डब्यात नेहमीची जागा रिकामी होती, तिथे बसले. मालगाडी जात होती, मी मोजायला लागले. एकवीस, बावीस. समोरचा डबा आला. ती आज काचेला टेकून झोपलेली नव्हती. सरळ बसली होती आणि माझ्या शेजारच्या जागेकडे बघत होती. मी हात वर केला.